शरदकाकांची पॉइंट्सची भिशी

आमच्या ओंटारिओत विजेला हायड्रो म्हणतात. कधीकाळी सगळी वीज धबधब्यावर तयार व्हायची, तेव्हा पडलेलं हे नाव अजून कुणी बदललेलं नाही. त्यामुळे देशात नव्यानं आलेला माणूस पहिलं हायड्रोचं बिल पाण्याचं समजतो, पाण्याला एवढे पैसे कसे म्हणून चिडतो आणि ते ड्रॉवरमध्ये टाकून देतो. तिथून त्याची आणि माझी ओळख सुरू व्हायची.

मी एका हायड्रो कंपनीच्या बिलिंग आणि वसुली विभागात वीसेक वर्षं हेडसेट लावून बसले. यंदा बाहेर पडले. तेव्हापासून कुठल्याही पॉटलकला गेलं की कुणीतरी प्लेट घेऊन शेजारी येतं आणि विचारतं, “शुभांगी, बिल कमी कसं करायचं गं?” त्यांना वाटतं मी आता दिवे, खिडक्यांच्या फटी आणि रात्री कपडे धुण्यावर बोलेन. मी विचारते, “तुम्ही बिल भरता कसं?” त्यावर ते हिरमुसतात आणि छोल्यांकडे वळतात.

पण खरं तेच आहे. तारेतून येणारी वीज सगळ्यांना सारखी. मीटरवरचा दरही सारखा. तरी शेजारशेजारच्या दोन घरांना तीच वीज वेगवेगळ्या भावात पडते, कारण एक जण पैसे एका वाटेनं पाठवतो आणि दुसरा दुसऱ्या. कंपनीला तुमच्या खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे काढायची परवानगी दिलीत, तर तुम्ही कंपनीचे जावई. नवीन गिऱ्हाईक असलात तरी तुमच्याकडून डिपॉझिट मागत नाहीत आणि उशिराचा दंड लागायचा प्रश्नच येत नाही. स्वतः बँकेच्या साइटवरून भरलंत तर फुकट, पण तारीख लक्षात ठेवायची जबाबदारी तुमची, आणि पैसे पोचायला दोन-तीन दिवस लागतात हेही तुम्हीच ओळखायचं. चेक टपालानं पाठवलात तर तिकिटाचे पैसे जातात आणि बाकी सगळं टपाल खात्याच्या मर्जीवर. क्रेडिट कार्ड आमची कंपनी स्वतः घेत नसे. मध्ये दुसरी एक कंपनी बसवली होती, ती कार्ड घ्यायची, वर तिची फी लावायची आणि तिला म्हणायची कन्व्हीनियन्स फी. कुणाचा कन्व्हीनियन्स, ते कधीच लिहिलेलं नसायचं. रोख भरायची तर पैसे पाठवून देणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर जा, रांग लावा, त्यांचा आकार द्या. आणि खात्यात पुरेसे पैसे नसताना पेमेंट गेलं आणि परत आलं, तर कंपनी दंड करते आणि बँकही करते. म्हणजे एका चुकीची दोन बिलं.

सगळ्याचा मथितार्थ असा की ज्याच्या खात्यात कायम पैसे पडून असतात त्याला वीज सगळ्यांत स्वस्त, आणि ज्याच्या खात्यात महिन्याच्या शेवटी खडखडाट असतो त्याला सगळ्यांत महाग. नोकरीच्या सुरुवातीला ट्रेनिंगमध्ये मी हे विचारलं होतं. ट्रेनरबाई गोड हसून म्हणाल्या, “वी कॉल इट ॲन इन्सेन्टिव्ह.”

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक निवृत्त मराठी डॉक्टर जानेवारीत अख्ख्या वर्षाचा अंदाजे चेक पाठवून द्यायचे, डोक्याला ताप नको म्हणून. एकदा त्यांनी फोन केला. उशीर झाला की कंपनी व्याज लावते, मग मी इतके महिने आधी पैसे देतो त्याचं मला काय? मी स्क्रीनवर लिहिलेलं उत्तर वाचलं. “वी ॲप्रिशिएट युअर अर्ली पेमेंट, डॉक्टर.” ते म्हणाले, “ॲप्रिसिएशन माझ्या खात्यात जमा करा.” दुसरा एक पुण्याचा सॉफ्टवेअरवाला मुदत संपायच्या आदल्या क्षणापर्यंत पैसे स्वतःकडे ठेवायचा, तेवढंच व्याज मिळतं म्हणून. फोनवर अलार्म लावलेला. एकदा अलार्म वाजला तेव्हा हा विमानात. वर्षभराचं मिळवलेलं व्याज एका दंडात गेलं आणि तो माझ्याशी अर्धा तास इन-फ्लाइट वायफायच्या दर्जाबद्दल भांडला.

पण आमच्या गावात, म्हणजे व्हिटबीत, या सगळ्यांवर कडी केली ती शरदकाकांनी.

शरदकाका निवृत्त इंजिनिअर. सत्तरच्या दशकात आलेले. त्यांच्याबद्दल काही लिहायच्या आधी हे लिहायलाच हवं, की व्हिटबीतली निम्मी मराठी कुटुंबं त्यांच्या बेसमेंटमधून पुढे गेली आहेत. एअरपोर्टवरून आणणार काका, पहिलं विंटर जॅकेट देणार काका, ड्रायव्हिंग टेस्टच्या आदल्या दिवशी पॅरलल पार्किंग शिकवणार काका. भाडं विचारलं तर रागावणार. माणूस सोन्यासारखा.

फक्त त्यांना पॉइंट्सचा नाद होता. क्रेडिट कार्डावर खर्च करा, पॉइंट्स मिळवा, पॉइंट्सवर पुण्याला बिझनेस क्लासनं जा. निवृत्त माणूस किती खर्च करणार? म्हणून काकांनी सोय काढली. नव्यानं आलेल्या कुटुंबांची बिलं काका आपल्या कार्डावर भरायचे. हायड्रो, गॅस, इंटरनेट, सगळं. त्या लोकांनी बिलाची रक्कम अधिक कार्डाची फी काकांना ई-ट्रान्सफर करायची. काका म्हणायचे, “तुम्ही अजून सेटल होताय. बिलांचं टेन्शन माझ्यावर सोडा.” आमच्या मराठी मंडळात याला पॉइंट्सची भिशी म्हणत. नेहमीच्या भिशीत पाळीपाळीनं प्रत्येकाचा नंबर लागतो. या भिशीत दर महिन्याला काकांचाच लागायचा.

मी एकदा संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांना म्हटलं, “काका, फी ही मुलं भरतात आणि पॉइंट्स तुम्हाला. त्यापेक्षा त्यांना बँकेतून आपोआप जाऊ दे म्हणावं. डिपॉझिटही वाचेल.”

“शुभांगी, तू कंपनीची माणूस,” काका तिळगूळ माझ्या हातावर ठेवत म्हणाले. “मी पन्नास वर्षांत कुठल्या कंपनीला माझ्या खात्यात हात घालू दिलेला नाही. या पोरांनाही तेच सांगतो. गोड बोल.”

मी गोड बोलले, म्हणजे गप्प बसले.

त्या पोरांमध्ये स्नेहा होती. नागपूरची फार्मसिस्ट. इथे लायसन्सच्या परीक्षा द्यायच्या म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही हवं, म्हणून तोवर घरून टिफिन करायची. नवरा निखिल एका वेअरहाउसमध्ये मिळेल ती शिफ्ट करायचा. मी तिची गिऱ्हाईक. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्याकडून डबा घ्यायचे, आणि तिच्या वऱ्हाडी झुणक्याबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेत नाही. काकांच्या बेसमेंटमधून ती आधी एका अपार्टमेंटमध्ये गेली आणि हिवाळ्याच्या तोंडावर एका जुन्या टाउनहाउसमध्ये. तिथे हीटिंग विजेचं, भिंतीच्या तळाशी लावलेल्या हीटरांचं. जुन्या भाड्याच्या घरांत तेच असतं, कारण ते बसवताना घरमालकाला स्वस्त पडतं आणि चालवताना भाडेकरूला महाग. पण मागच्या खोलीत मोठा चेस्ट फ्रीझर मावत होता, म्हणून स्नेहानं ते घर घेतलं. हायड्रोचं खातं उघडताना तिला विचारलं होतं, डिपॉझिट भरता की बँकेतून आपोआप पैसे काढायची परवानगी देता? तिनं काकांना विचारून डिपॉझिट भरलं.

त्या वसंतात मंडळानं तिला महाराष्ट्र दिनाच्या जेवणाच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली. आमचा महाराष्ट्र दिन हॉल स्वस्तात मिळेल त्या शनिवारी असतो, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटाकडे. ही तिची पहिली मोठी ऑर्डर. दोन आठवडे ती पोळ्या लाटून फ्रीझरमध्ये थर लावत होती. त्या पैशातून पुढच्या परीक्षेची फी जायची होती.

आणि मेच्या सुरुवातीला तिच्या दारावर लाल अक्षरांची नोटीस लागली. बिल थकलं आहे, वीज तोडण्यात येईल.

हिवाळ्यात इथे कुणाची वीज तोडता येत नाही, कायदाच आहे. माणसं गोठून मरू नयेत म्हणून. हे दिसायला दयाळू आहे, आणि आहेही. पण त्यामुळे थकलेलं बिल महिनोन् महिने गुपचूप फुगत राहतं, दंडावर दंड चढतो, आणि बर्फ वितळलं की कंपनीचे ट्रक बाहेर पडतात. मे महिना आमच्या विभागाचा सुगीचा हंगाम. ट्यूलिप आणि डिस्कनेक्शन.

स्नेहानं नोटीस काकांकडे नेली. बिल तर काका भरत होते. काका म्हणाले, “कंप्युटरची चूक. माझ्याकडे प्रत्येक पेमेंटचा कन्फर्मेशन नंबर आहे. तू पोळ्या लाट.”

ती लाटत राहिली. पण मुदत जवळ आली तशी तिला राहवेना आणि तिनं कंपनीला फोन केला. आमच्याकडे फोन ज्या टेबलावर पडेल तिथे पडतो. तो माझ्या टेबलावर पडला.

“मे आय हॅव युअर नेम ॲन्ड ॲड्रेस, प्लीज?” मी म्हटलं. तिनं सांगितलं आणि थबकली. “ताई? शुभांगीताई?”

नियम असा की ओळखीच्या माणसाच्या खात्याला आपण हात लावायचा नाही. चांगला नियम आहे. मी तिला इंग्रजीत थांबायला सांगितलं आणि कॉल शेजारच्या बेव्हला दिला. बेव्ह न्यूफाउंडलंडची, माझ्याहून जुनी, पंतप्रधानांनाही “माय लव्ह” म्हणेल अशी बाई. आमच्या दोन टेबलांमध्ये एक पातळ पार्टिशन, त्यामुळे हात लावायचा नसला तरी कान बंद ठेवायचा नियम कुणी पाळू शकत नसे.

“यू मूव्ह्ड इन बिफोर द विंटर, माय लव्ह?” बेव्ह विचारत होती. “ॲन्ड नॉट वन पेमेंट सिन्स. नॉट वन.” मग बराच वेळ कीबोर्ड वाजला. “ओह. होल्ड ऑन. इट वेंट टू युअर ओल्ड प्लेस.”

घर बदललं की खात्याचा नंबर बदलतो. काकांच्या एक्सेलमध्ये ‘स्नेहा, हायड्रो’ अशी एक ओळ होती, तिच्यासमोर जुन्या अपार्टमेंटचा नंबर, आणि काका हिवाळाभर इमानेइतबारे त्या बंद खात्यात पैसे टाकत होते. बंद खात्यात पैसे आले तर कंपनी बेफिकीर राहत नाही. ती तत्परतेनं पत्र पाठवते, की तुमचे पैसे आमच्याकडे जमा आहेत. पाठवते जुन्या पत्त्यावर.

मला वाटलं, सुटलं. इकडचे पैसे तिकडे करायचे, बेव्ह ट्रक थांबवेल. पण बेव्हचा आवाज खाली आला.

“देअर वॉज मनी, स्वीटहार्ट. अप टिल धिस वीक. द कार्ड टुक इट ऑल बॅक.”

ट्रक परवा सकाळी येणार होता. उद्या ऑफिस बंद व्हायच्या आत बँकेतून पैसे भरल्याची पावती दाखवली तरच थांबणार होता.

पाचनंतर मी पार्किंग लॉटमध्ये पोचते न पोचते तोच माझा फोन वाजला. “ताई, आता तुम्ही कंपनीच्या नाही ना?”

“नाही. आता मी टिफिनची गिऱ्हाईक. चल, काकांकडे जाऊ.”

काका आम्हाला बघून खूश झाले. “या, या! मालती, चहा टाक. बोल स्नेहा, पोळ्या कुठवर आल्या?”

“काका, कार्डाचे पैसे परत गेलेत.”

“जाणारच!” काका विजयी मुद्रेनं खुर्चीत बसले. “मी कंपनीला फोन केला. ती पोरगी म्हणते, खातं तुमचं नाही, तुमच्याशी बोलता येत नाही. पन्नास वर्षं हायड्रो भरतोय मी या देशात! मग मी सरळ कार्डवाल्यांना फोन लावला आणि सगळी पेमेंट्स डिस्प्युट केली, म्हटलं पैसे परत घ्या. आता येतील वठणीवर.”

“ते वठणीवर नाही आले, काका. परवा वीज तोडायला येताहेत.”

“तुम्ही नंबर जुन्या घराचा टाकत होतात,” मी म्हटलं. “घर बदललं की नंबर बदलतो.”

“का?” काकांनी विचारलं. “माणूस तोच, कंपनी तीच. नंबर का बदलावा?”

मी स्वतः हे कंपनीला अनेकदा विचारलं होतं.

“बरं, असू दे,” काकांनी खिशातून पाकीट काढलं. “किती आहे? आत्ता भरून टाकतो. एकरकमी.” आणि त्यांनी कार्ड बाहेर काढलं.

“कार्डाचे पैसे पोचायला तीन दिवस लागतात, काका. पावती फक्त बँकेची चालते.”

“मग त्यांना सांग ना, पाठवलेत म्हणून. तू आहेस की तिथे. आणि हे बघ, एवढी रक्कम एकदम गेली तर पॉइंट्सही...” ते थांबले. पण आम्हाला ऐकू आलं होतं.

स्नेहा सोफ्याच्या टोकावर बसली होती. ती उभी राहिली. “काका, मला कार्ड नको. माझे पैसे द्या. मी दर महिन्याला तुम्हाला ई-ट्रान्सफर केलेले. आत्ता द्या.”

या घरात काकांकडे असं कुणी काही मागितलं नसावं. त्यांचा चेहरा पडला, मग लाल झाला. “तू माझ्यावर अविश्वास दाखवतेस? एअरपोर्टवर तुला घ्यायला कोण आलं होतं?”

“तुम्हीच. जॅकेटही तुम्हीच दिलंत, ते अजून घालते मी. पण फ्रीझरला हे सांगता येत नाही ना, काका. वीज गेली की पोळ्या जाणार. पोळ्या गेल्या की परीक्षा गेली. पुढची संधी कधी, ते मलाही माहीत नाही.”

काका म्हणाले, “कार्डवाल्यांकडून पैसे पक्के झाले की लगेच...” आणि कार्ड पाकिटात परत सरकवलं.

मालतीकाकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, टीव्हीशेजारचा आपला फोन उचलला आणि चष्मा लावला. “स्नेहा, तुझा ईमेल तोच ना गं? किती पाठवू?”

“अगं, तू कुठून पाठवतेस?” काकांनी विचारलं.

“माझ्या खात्यातून. घरची बिलं जातात ना, त्याच.”

“तू घरची बिलं चेकनं भरतेस.”

“कधी विचारलंत?” काकू फोनवरच बघत होत्या. “आपलं हायड्रो आपोआप जातं. गॅसही. कित्येक वर्षं झाली. एकदा तुम्ही माझा चेक टाकायला नेलात आणि तो तुमच्या कोटातच राहिला. लाल पत्र आलं होतं. तेव्हा मी फॉर्म भरून टाकला.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही त्याच महिन्यात मंडळात भाषण केलंत, कुठल्या कंपनीला खात्यात हात घालू देऊ नका म्हणून. टाळ्या पडल्या. मग मी कशाला बोलू? चहा घ्या, निवतोय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहानं नव्या खात्याचा नंबर तीनदा तपासून बँकेतून पैसे भरले. बेव्हनं पावती बघितली आणि ट्रक रद्द केला. फ्रीझर घरघरत राहिला.

हिवाळाभराचा दंड मात्र तसाच राहिला. परत गेलेल्या पेमेंटांचा दंड वेगळा. आणि डिपॉझिट? बारा महिने वेळेवर बिल भरलं की ते परत मिळतं. ते महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले. बेव्ह माझ्या वतीनं सुपरवायझरशी भांडली, म्हणाली, पोरीनं एकही महिना चुकवला नाही, पैसे तुमच्याच कंपनीत येऊन पडले होते. सुपरवायझर चांगला माणूस होता. त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवली. “पेमेंट हिस्ट्री इज पेमेंट हिस्ट्री.” कंपनीनं एकही नियम मोडला नव्हता. माझ्या अख्ख्या नोकरीत मी कंपनीला नियम मोडताना पाहिलं नाही. गिऱ्हाइकाला इतकं महाग पडणारं दुसरं काही मला ठाऊक नाही.

काकांचं नुकसान इतकंच, की पेमेंटबरोबर पॉइंट्सही परत गेले आणि बिझनेस क्लास थोडक्यात हुकला. भिशीही मोडली, कारण स्नेहानं सगळ्यांना आपोआप भरण्याचा फॉर्म पाठवून दिला, वर एक ओळ लिहून: काकूंचाही हाच आहे.

महाराष्ट्र दिनाला हॉल भरला होता. नवागतांना मदत केल्याबद्दल मंडळानं शरदकाकांना शाल दिली. त्यात खोटं काहीच नव्हतं. टाळ्या पडल्या, स्नेहानंही वाजवल्या, मनापासून. मग पोळ्या वाढल्या आणि भाषणं कुणी ऐकेना.

जेवणं झाल्यावर उरलेल्या पोळ्यांची पाकिटं करून ती दाराशी कूलर ठेवून विकत बसली. शेजारी टेबलावर कार्ड टेकवायचं छोटं मशीन. काका शाल सावरत आले.

“स्नेहा, दोन पाकिटं दे. कार्ड घेतेस?”

“घेते की, काका. फी पडेल.”

“किती?”

“मधल्या कंपनीला विचारायला हवं.”

काका हसले, जरा खोटं. कार्ड टेकवलं. मशीननं टुंग केलं. स्नेहानं दोन पाकिटं काढली, त्यांच्यावर काकांचं नाव लिहिलं आणि कूलरमध्ये परत ठेवली.

“अगं, दे की!”

“पैसे पोचायला तीन दिवस लागतात, काका. पोचले की फोन करते.”

मागे मालतीकाकू उभ्या होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि एक नोट पुढे केली. “मला दे दोन. रोखीला काही जास्त पडतं का गं?”

“तुम्हाला नाही, काकू.”